मनाची राखण कशी करायची: भाताच्या शेतावर शिकलेलं

मागच्या महिन्यात आमच्या घरी कॉटेज प्रेयर, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा होती. प्रार्थना संपून चहा चालू होता तेव्हा एक कॉलेजचा पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, पाप करू नको, मन शुद्ध ठेव असं सगळेच सांगतात की, पण ठेवायचं कसं ते कोणच सांगत नाही." मी त्याला दोन वचनं सांगितली, तो मान हलवून गेला, पण त्याला काही मिळालं नाही हे मला त्याच्या तोंडावरनं कळलं आणि ते मला लागून राहिलंय. म्हणून हे लिहितोय. मी काय पाळक नाही, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, पण २० वर्षं ह्या मनाशी झगडतोय आणि त्यात जे खरंच उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

सुरुवात बायबलातल्या नीतिसूत्रे ४:२३ पासनं करू. राखायच्या सगळ्या वस्तूंपेक्षा आपलं अंतःकरण जास्त राख, कारण जीवनाचा उगम तिथं आहे, असं ते वचन आहे. आता उगम म्हणजे काय हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, तिथं जाऊन बघितलं तर पाणी एवढंसंच, आणि तेच पाणी पुढं सौंदत्तीजवळ नवलतीर्थाच्या धरणात साठतं, कितीतरी गावांची शेतं भिजवतं आणि ३०० किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळतं. कुणी वर कणकुंबीलाच घाण टाकत असेल तर खाली सौंदत्तीला बसून फडक्यानं पाणी गाळून किती गाळणार? आपण बहुतेकजण हेच करतो. तोंडातनं शिवी जाऊ नये, हात उठू नये, बाटली सुटावी, ही सगळी खालच्या पाण्याची कामं. ती नको असं नाही, पण प्रभूनं मार्क ७ मध्ये स्पष्ट सांगितलंय की वाईट विचार, चोरी, व्यभिचार, लोभ, हेवा, गर्व हे सगळं आतनं, माणसाच्या अंतःकरणातनं निघतं.

आणि अंतःकरण म्हटलं की आपल्याला नुसत्या भावना वाटतात, तसं नाही. मूळ इब्री (हिब्रू) शब्द 'लेव' आहे, त्यात विचार, इच्छा, ठरवणं सगळं येतं. म्हणजे आपण दिवसभर आत काय घोळवतो आणि कशाला हो म्हणतो, ते राखायचंय.

आता राखणीचं सांगतो. आमचं शेत जांबोटीच्या बाजूला, जंगलाला लागून. दिवाळीच्या सुमाराला भात पिकायला आलं की रात्री रानडुकरं उतरतात, म्हणून आप्पा शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर झोपायचे, झोपायचे म्हणजे जागायचेच. मी ९-१० वर्षांचा असेन, हट्ट करून बरोबर जायचो, एक घोंगडं, एक बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा. एका रात्री आम्हा दोघांनाही डुलकी लागली आणि डुकरं आत शिरली. आप्पांनी डबा वाजवला, ती पळाली, पण सकाळी बघतो तर भाताचा अर्धा चौक आडवा झोपलेला. मी म्हटलं एवढं खाल्लं? तर आप्पा म्हणाले, "खाल्लं थोडं रे, तुडवलंय जास्त. आत आल्यावर हाकलायला गेलं की पळताना अजून तुडवतंय." मग चहा पण न घेता ते वईभोवती फिरायला लागले. वई म्हणजे काट्याचं कुंपण. एका जागी ते खाली बसले आणि मला बोट करून दाखवलं, काट्याला राखाडी केस अडकलेले, बाजूच्या खुंटाला ओला चिखल घासलेला आणि खाली खुरांचे ठसे. "हितनं आलंय. उद्या बी हितनंच येणार." तिथं त्यांनी बोराटीच्या फांद्या दाबून बसवल्या, आणि त्या रात्री माळ्यावर तोंड त्या बाजूला करून बसले.

मला मन राखायचं सगळं शिक्षण त्या एका सकाळी मिळालं होतं, कळायला मात्र फार वर्षं गेली.

खिंडार शोधा

पहिलं काम हेच. माणसाला वाटतं मोह कुठूनही येतो, कधीही येतो, आपण काय करणार. तसं नसतं. प्रत्येकाचं एखाद-दुसरं ठरलेलं खिंडार असतं आणि पाप पुन्हा पुन्हा तिथनंच शिरतं. एक छोटी वही घ्या, मोबाईलमध्ये नको, वहीच घ्या, आणि पंधरा दिवस एवढंच लिहा की जेव्हा घसरलो तेव्हा किती वाजले होते, कुठं होतो, बरोबर कोण होतं आणि त्याच्या आधीच्या एका तासात काय झालं होतं. पापाचं वर्णन लिहीत बसू नका, त्यानं उलट आठवण ताजी होते. फक्त ठसे लिहा.

माझ्या वहीत काय निघालं ते सांगतो. सेकंड शिफ्ट सुटून घरी येईपर्यंत रात्रीचे पावणेबारा, घरातले सगळे झोपलेले, ताट झाकून ठेवलेलं, अंग दमलेलं, आणि जेवताना डाव्या हातात मोबाईल. जे बघायला नको ते बघितलं ते जवळजवळ प्रत्येक वेळी ह्याच अर्ध्या तासात, आणि त्यातही ज्या दिवशी सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला त्या दिवशी जास्त. म्हणजे मला वाटत होतं माझा प्रॉब्लेम वासना आहे, पण खिंडार होतं दमणूक, एकटेपणा आणि गिळलेला अपमान.

दावीद राजा दुसऱ्याच्या बायकोच्या मोहात पडला ती गोष्ट ह्या नजरेनं वाचून बघा, २ शमुवेल ११. आपण गच्चीवरनं सुरुवात करतो, शास्त्र पहिल्याच ओवीत सांगतं की राजे लढाईला जायच्या दिवसांत दावीद यरुशलेमातच राहिला. मग संध्याकाळी पलंगावरनं उठून गच्चीवर फिरतो, बघतो, चौकशी करतो, त्याला सांगितलं जातं की ही उरीयाची बायको, आणि तरी तो माणसं पाठवतो. किती ठिकाणी थांबता आलं असतं ते मोजा! चौकशीचं उत्तर आलं तिथं तर देवानं जणू डबाच वाजवला होता.

वईवरच अडवायचं

याकोब १:१४-१५ मध्ये क्रम दिलाय. माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरण आणतं. पहिल्या पायरीवर अडवणं सोपं, शेवटच्या पायरीवर जवळजवळ अशक्य. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इवाग्रियस नावाचा एक ख्रिस्ती साधू राहायचा, त्यानं माणसाला सतावणाऱ्या विचारांची यादी केली, खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, फुशारकी आणि गर्व असे ८. पुढं जी सात महापापं म्हणतात त्यांचं मूळ ह्या यादीत आहे. त्याचं एक म्हणणं मला फार आधार देतं, की हे विचार मनात येणं न येणं आपल्या हातात नाही, ते आत रेंगाळणं न रेंगाळणं आपल्या हातात आहे.

हे मी पोरांना मुद्दाम सांगतो, कारण बरीच चांगली पोरं विचार आला म्हणूनच स्वतःला पापी ठरवून खचून जातात. विचार आला म्हणजे डुक्कर वईपर्यंत आलं, अजून पीक शाबूत आहे. प्रभू येशूची पण सर्व प्रकारे परीक्षा झाली, तो मात्र निष्पाप राहिला, असं इब्री ४:१५ सांगतं.

मग विचार आला की करायचं काय? त्याला नावानं ओळखा, जमलं तर पुटपुटून, आपल्या साध्या भाषेत. "प्रभू, हा हेवा आहे." "प्रभू, हा राग नाही, मला बदला घ्यायचाय." नाव घेतलं की निम्मी धुंदी उतरते, खरंच. मग वचन. प्रभूनं अरण्यात सैतानाला तिन्ही वेळा 'अनुवाद' ह्या बायबलातल्या पुस्तकातलंच वचन सुनावलं, स्वतःचं डोकं लढवत बसला नाही. पण ते वचन पाठ असलं पाहिजे, मोहाच्या वेळी बायबल कुठं ठेवलंय ते शोधून उपयोग नाही. आपल्या खिंडाराला जुळणारं एकच वचन घ्या, चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि महिनाभर तेच घोळवा. स्तोत्र ११९:११ म्हणतं तेच, मी पाप करू नये म्हणून तुझं वचन मनात जपून ठेवलंय. आणि तिसरं म्हणजे जागेवरनं उठा. योसेफ त्याला मोहात पाडायला बघणाऱ्या मालकिणीबरोबर, पोटीफरच्या बायकोबरोबर वाद घालत थांबला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. वासनेच्या बाबतीत पळणं हेच शौर्य आहे, तिथं मी सांभाळीन म्हणणारे किती गेले ते आपण बघतोच.

मोबाईलचं थोडक्यात. रात्री तो झोपायच्या खोलीत नको. माझा चार्जर आता स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर आहे, गजरासाठी साधं घड्याळ आणलंय, लॉकचा नंबर बायकोला माहीत आहे आणि पैसे लावायच्या गेमचं जे ॲप होतं ते काढून टाकलंय. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात बायकोला सांगून ठेवलंय, मी आल्यावर हाक मारतो, तू पाच मिनिटं उठून बस. ती डोळे चोळत बसते, मी जेवतो. प्रभूनं डोळा उपटायचं जे म्हटलंय (मत्तय ५:२९) त्यापुढं हे काहीच नाही, पण काहीतरी किंमत द्यायला लागते, फुकट कुणाचं मन राखून झालेलं मला माहीत नाही.

रागाचं खिंडार वेगळं असतं

वासना लक्षात तरी येते, राग चांगल्या माणसाच्या वेशात येतो. माझंच सांगतो. आप्पा गेल्यावर वाटणी झाली, आणि एक दिवस शेतावर गेलो तर मला वाटलं चुलतभावानं बांधाचा दगड हातभर आमच्या बाजूला सरकवलाय. मी काही बोललो नाही. भांडलो नाही, ओरडलो नाही, ह्याचा मला अभिमान पण वाटायचा, बघा मी ख्रिस्ती माणूस कसा शांत राहिलो. पण रोज गाडीवरनं कामाला जाताना माझं त्याच्याशी भांडण चालू असायचं, तो असं म्हणेल मग मी असं म्हणीन, चार माणसं जमतील, त्याची मान खाली जाईल.. उद्यमबागेचं गेट आलं तरी माझं भाषण संपलेलं नसायचं. आणि खरं सांगतो, त्यात गोडी होती, कुणी थांबव म्हटलं असतं तर मला नकोच होतं. असं वर्षभर गेलं. मग त्याचा पोरगा बारावीला नापास झाल्याचं कळलं आणि ते ऐकल्या क्षणी माझ्या पोटात एक गार, बरं वाटल्यासारखं काहीतरी झालं. लहान असताना त्या पोराला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय.

त्या क्षणाला मी घाबरलो. पौल म्हणतो रागात असताना सूर्य मावळू नये आणि सैतानाला वाव देऊ नका, इफिसकर ४:२६-२७. वाव म्हणजेच खिंडार की. मी चांगला वर्षभर ते उघडं ठेवलं होतं, आणि तसाच प्रभुभोजन घेत होतो.

म्हणून रागासाठी वेगळी खूण सांगतो. मनातल्या मनात तुमचं कुणाशी भाषण चालू झालंय का, आणि त्यात दरवेळी तुम्हीच जिंकताय का? तसं असलं की समजा डुक्कर वईवर आहे. भाषण तिथंच मध्ये तोडा आणि त्या माणसाचं नाव घेऊन एक साधी मागणी करा, त्याच्या पोरांसाठी, त्याच्या गुडघ्यासाठी, कशासाठी पण. सुरुवातीला प्रार्थना खोटी वाटते, तरी करा.

इथंच आपल्या सीमाभागाचं एक बोलून घेतो, कारण कोण बोलत नाही. १ नोव्हेंबर जवळ आला की एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस, १९५६ पासनंचं दुखणं आहे आणि मी मराठी माणूस आहे, मलाही ते दुखतं. मातृभाषेवर प्रेम करणं, हक्क मागणं हे पाप नाही असं मी मानतो. पण त्या आठवड्यात मोबाईलवर जे फॉरवर्ड येतात, दोन्ही बाजूनं, त्यात भाषेचं प्रेम किती आणि माणसाचा तिरस्कार किती हे ज्यानं त्यानं बघावं. ज्या वेदीपाशी मी गुडघे टेकतो त्याच वेदीपाशी कानडी भाऊ टेकतो, ख्रिस्ताचं शरीर एकच. मी आता एक नियम केलाय, जो मेसेज मी त्या भावासमोर मोठ्यानं वाचू शकणार नाही तो पुढं पाठवायचा नाही, आणि त्या आठवड्यात दोन-तीन ग्रुप बंदच ठेवायचे. प्रभूची प्रार्थना मी कानडीत पण पाठ केलीय, अडखळत म्हणतो, पण म्हणतो.

घर रिकामं ठेवू नका

नुसतं हाकलत बसलं की माणूस दमतो. मत्तय १२:४३-४५ मध्ये प्रभू सांगतो, अशुद्ध आत्मा निघून गेला, परत येऊन बघतो तर घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं, मग तो आपल्यापेक्षा वाईट सात जणांना घेऊन येतो. घर झाडलेलं होतं, चूक एवढीच की आत कोण राहत नव्हतं. म्हणून सकाळी मोबाईल हातात घ्यायच्या आधी एक स्तोत्र वाचा, एकच, पण सावकाश, आणि रात्री झोपताना दिवसावरनं एकदा फिरून या, जसं आप्पा वईभोवती फिरायचे. १६ व्या शतकात इग्नेशियस लोयोला ह्या कॅथलिक संतानं अशी तपासणी दिवसातनं दोनदा करायला शिकवली होती आणि त्याची सुरुवात उपकारस्तुतीनं करायची, हे महत्त्वाचं आहे. आधी देवानं आज काय दिलं ते आठवा, मग मी कुठं हललो ते. उलट केलं तर नुसता स्वतःचा वैताग उरतो. स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं, देवा माझं अंतःकरण पारखून बघ, ही त्या वेळेला म्हणायची.

आणि पहारा आपण एकटेच देत नाही. फिलिप्पैकर ४:७ मध्ये देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील असं म्हटलंय, तिथं मूळ ग्रीक शब्द लष्करी पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमन वसाहत, निवृत्त शिपायांचं गाव, त्यांना तो शब्द लगेच कळला असणार. आपल्याला पण कळायला पाहिजे. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या बाजूनं रात्री कधी गेलाय का? गेटवर संतरी उभा असतो आणि आतली माणसं निवांत झोपलेली असतात. मी जेव्हा स्वतःच्या जिद्दीवर मन राखायला गेलो तेव्हा तीन दिवसांच्या वर कधी टिकलो नाही. स्तोत्र १२७ सांगतं की परमेश्वर नगर राखत नसेल तर पहारेकऱ्याचं जागणं व्यर्थ.

एकट्यानं राखण होत नाही

आप्पांच्या माळ्यावरनं हाक गेली की पलीकडच्या माळ्यावरनं उलट हाक यायची. त्या रात्री ती आली नव्हती, पलीकडचे काका आजारी होते, म्हणून आम्हाला डुलकी लागली.

बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० साली सुरू झालं आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडं आलं, म्हणजे आपल्यातले बरेचजण मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या घराण्यातले. ह्या वेस्लीनं २५ डिसेंबर १७३८ ला, ऐन नाताळात, छोट्या गटांसाठी नियम लिहिले. आठवड्यातनं एकदा जमायचं आणि प्रत्येकाला विचारायचं की मागच्या भेटीनंतर कुठलं पाप झालं, कुठला मोह आला, त्यातनं सुटका कशी झाली, आणि पाप आहे की नाही अशी शंका येणारं काही मनात आलं, बोललं, केलं का. अवघड प्रश्न आहेत, पण आम्ही तिघं दोन वर्षं रविवारी उपासनेनंतर हेच विचारतो एकमेकांना, गाडीला टेकून, वीस मिनिटं. अट एवढीच की पुरुषांनी पुरुषांबरोबर, बायकांनी बायकांबरोबर, बोललेलं घरी पण सांगायचं नाही आणि ह्याचा व्हॉट्सॲप ग्रुप अजिबात करायचा नाही. सल्ला देत बसायचं नाही, ऐकायचं आणि तिथंच प्रार्थना करायची. खानापूरकडचे आपले कॅथलिक शेजारी फादरकडं कुमसाराला, म्हणजे पाप कबूल करायला जातात, आपण त्यावर चर्चा करतो, पण आपल्यातल्या किती जणांनी याकोब ५:१६ प्रमाणे आयुष्यात एकदा तरी कुणाजवळ पाप कबूल केलंय?

पीक तुडवलं गेलं तर

तरीही माणूस पडतो. तुडवलेलं भात चिखलात राहिलं की त्याला मोड येतात, दाणा वाया जातो. म्हणून त्या सकाळी वई बुजवल्यावर आप्पांनी उभं पीक तसंच ठेवलं आणि आडवं झालेलं आधी कापायला घेतलं, एकेक लोंबी चिखलातनं उचलून. शेत सोडून दिलं नाही, कपाळाला हात लावून बसले नाहीत. पडलात तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला देवाजवळ या, रविवारची वाट बघू नका, आधी चार दिवस चांगलं वागून दाखवतो मग प्रार्थना करतो असं करू नका. आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू व न्यायी आहे, क्षमा करील आणि शुद्ध करील, १ योहान १:९. पेत्र ह्या शिष्यानं प्रभूला तीन वेळा नाकारलं, पण त्याच्या आधीच प्रभू त्याला म्हणाला होता की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय.

आणि ज्या माणसाविरुद्ध पाप झालंय त्याच्याकडं पण जायला लागतं. मला तेच सगळ्यात जड गेलं. चुलतभावाकडं गेलो तेव्हा तो अंगणात विळ्याला धार लावत होता. मी म्हटलं, तुझ्या पोराचं ऐकून मला बरं वाटलं होतं, त्याची माफी मागायला आलोय. तो बराच वेळ विळ्याकडंच बघत होता, मग आत बघून वहिनीला म्हणाला, "चहा टाक गे, दोन." दगडाचं कुणीच काढलं नाही. चहा होईपर्यंत पोरगं बाहेर आलं, ते पुन्हा परीक्षेला बसतंय म्हणाला, गणित जड जातंय. आता रविवारी दुपारी ते माझ्याकडं गणिताची वही घेऊन येतं.